पाकिटात पाकीट

वर्गात एक प्रयोग करून पाहा. नीलाला रमेशकडे चिठ्ठी पाठवायची आहे. पण रमेशचे नाव असलेली प्रत्येक चिठ्ठी मॉनिटर अडवतो. मग नीला चिठ्ठी पाकिटात घालून चिकटवते, त्यावर रमेशचे नाव लिहिते आणि ते पाकीट दुसऱ्या मोठ्या पाकिटात घालून वर सुधाचे नाव लिहिते. मॉनिटर ते जाऊ देतो. सुधा बाहेरचे पाकीट फोडते, आतले नाव वाचते आणि आतले पाकीट न उघडता रमेशला देते.

असाच प्रसंग इराणमध्ये आला. जानेवारी २०२१ मध्ये तेथे ‘सिग्नल’ हे संदेशांचे ॲप अडवण्यात आले. सिग्नलचे संदेश सांकेतिक रूपात जातात. मग ते अडवता कसे येतात? फोन सर्व्हरशी जोडणी करतो तेव्हा मजकूर झाकलेला असला, तरी सर्व्हरचे नाव व पत्ता सहसा उघडे असतात.

फेब्रुवारी २०२१ मध्ये सिग्नलने आपल्या अँड्रॉइड ॲपमध्ये सुरक्षित प्रॉक्सीची सोय केली. प्रॉक्सी म्हणजे मध्यस्थ संगणक, आपली सुधा! फोन प्रथम प्रॉक्सीशी ‘टीएलएस’ पद्धतीची सुरक्षित जोडणी करतो आणि तिच्या आतून सिग्नलच्या सर्व्हरशी दुसरी. बाहेरची जोडणी ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे संगणकाच्या दारावर, होते. सुरक्षित संकेतस्थळेही हेच दार वापरतात. म्हणून पाहणाऱ्याला ती संकेतस्थळाच्या साध्या भेटीसारखी दिसते.

बाहेरचे पाकीट नसते तर? मॉनिटरला रमेशचे नाव दिसले असते. म्हणजे ते पाकीट मुख्यतः नाव लपवण्यासाठी आहे. मजकूर आधीच कुलूपबंद असतो व फक्त घेणाऱ्याच्या फोनवर उघडतो. तो सिग्नलच्या सर्व्हरलाही वाचता येत नाही, मग प्रॉक्सीला कोठून येणार?

पण मर्यादाही ध्यानात ठेवा. चिठ्ठी नीलाची आहे हे सुधाला कळते, तसा फोनचा आयपी पत्ता प्रॉक्सीला कळतो. शिवाय प्रॉक्सीचा पत्ता जाहीर झाला, की तोही अडवता येतो. म्हणून असा पत्ता ओळखीच्यांनाच खाजगीरीत्या देणे बरे. जानेवारी २०२३ मध्ये व्हॉट्सॲपनेही प्रॉक्सीची सोय दिली.

आता वहीत नीला, मॉनिटर, सुधा व रमेश असे चार रकाने आखा आणि कोणाला काय कळले ते लिहा. एकही रकाना रिकामा राहणार नाही. पण मजकूर किती रकान्यांत येतो, ते मोजा!