झाकण उघडता आलं पाहिजे

“ताई, हे उघडायचं कुठून?”

आमच्या जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीपाशी उकिडवे बसून वायरमन दादांनी विचारलं, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. भिंतीत सॉकेटची फक्त तोंडं दिसत होती. भोवती प्लेट नाही, चौकट नाही, एकही स्क्रू नाही. सॉकेटच्या कडेपर्यंत लांबी भरलेली आणि तिच्यावर रंग. त्या गुळगुळीत भिंतीच्या आत काहीतरी जळत होतं.

दोन दिवसांपासून सासूबाई सांगत होत्या, घरात मासळीसारखा वास येतोय. आमच्याकडे मासळी होत नाही, तेव्हा शेजारचा असेल म्हणून मी सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी इंडक्शन शेगडीची पिन काढायला गेले तर बोटांना चटका बसला. काही प्रकारचं प्लास्टिक तापून करपायला लागलं की असाच वास सुटतो, हे मला त्या दिवशी दादांकडून कळलं. आमचे सॉकेट गडद राखाडी रंगाचे, त्यामुळे करपल्याचा डागही वेळेवर दिसला नव्हता.

चार वर्षांपूर्वी आम्ही पुण्यातल्या फ्लॅटचं काम काढलं, तेव्हा हे प्लेट नसलेले सॉकेट मीच हट्टाने निवडले. कॅटलॉगमधली भिंत इतकी स्वच्छ दिसत होती, की बाहेर आलेल्या पांढऱ्या चौकटी मला डोळ्यांत खुपायला लागल्या. “दुरुस्तीला अवघड जाईल,” असं वायरमन तेव्हाच म्हणाले होते. मी ते मनावर घेतलं नाही. त्याची किंमत पुढे मोजली, म्हणूनच घराचं काम काढणाऱ्या प्रत्येकाला हे सांगावंसं वाटतं.

नेहमीच्या मॉड्युलर बोर्डात भिंतीत धातूचा डबा असतो, त्यावर स्क्रूने बसवलेली फ्रेम, फ्रेममध्ये स्विच आणि सॉकेट, आणि सगळ्यात वर प्लेट. ही प्लेट म्हणजे नुसती शोभा, असं मी समजत होते. खरं तर ती तीन कामं करते. डबा आणि गिलावा यांच्यातली ओबडधोबड फट झाकते. डबा दोन-तीन मिलिमीटर आत गेला किंवा किंचित तिरका बसला तरी ते सावरून घेते. आणि मुख्य म्हणजे, ती उघडते. खटकन प्लेट काढली, दोन स्क्रू सोडले, की सॉकेट वायरींसकट हातात येतं. आम्ही ते झाकणच काढून टाकलं होतं आणि त्या जागी भिंत लिंपून घेतली होती.

दादांनी मेन स्विच बंद केला, टेस्टरने खात्री केली आणि कटरने लांबी कापायला घेतली. तळहाताएवढा गिलावा फोडल्यावर सॉकेट मोकळं झालं. आत फेजच्या वायरचा स्क्रू ढिला होता. वायरीवरचं आवरण काळं पडून कडक झालं होतं, बोट लावताच त्याचा कपचा निघाला. दादांनी जळका भाग छाटला, वायर नव्याने सोलली. विजेचं काम वीस मिनिटांचं. पण नवं सॉकेट जवळच्या एकाही दुकानात मिळेना. मागवून यायला तीन आठवडे लागले. मग गवंडी, गिलावा वाळायची वाट, लांबीचे दोन हात, घासकाम, प्रायमर, रंगाचे दोन हात. रंगाचा कोड तोच होता, तरी चार वर्षं वापरलेल्या भिंतीवर नवा चौकोन ठिगळासारखा उठून दिसला. शेवटी अख्खी भिंत रंगवली. एका ढिल्या स्क्रूपायी.

मला सगळ्यात जास्त हादरवलं ते दादांच्या पुढच्या बोलण्याने. मी विचारलं, “मग एमसीबी का नाही पडला?” ते म्हणाले, “पडणारच नाही, ताई.” आमची शेगडी 2000 वॅटची, म्हणजे 230 व्होल्टला जवळपास 9 अँपियर. 16 अँपियरच्या सॉकेटला हा भार काहीच जास्त नाही. उष्णता तयार होत होती ती ढिल्या जोडापाशी. एमसीबी जादा भार आणि शॉर्टसर्किट ओळखतो, 30 मिलिअँपियरची आरसीसीबी गळती ओळखते. ढिल्या स्क्रूची धग या दोघांनाही कळत नाही. ती कळते माणसाच्या नाकाला, हाताला, डोळ्याला. म्हणून प्रत्येक जोडापर्यंत माणसाला पोचता आलं पाहिजे.

बाकीचे त्रास याहून लहान, पण रोजचे. पिन घालताना-काढताना सॉकेट जरासं हलतं आणि कडेच्या लांबीला केसासारखी चीर जाते. काही महिन्यांत टवका उडतो. चार्जर लावणाऱ्या हातांचे डाग प्लेटवर पडले तर ओल्या फडक्याने पुसता येतात. इथे ते थेट रंगावर पडतात, पुसायला गेलं की रंगच निघतो. बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल आली की कडा फुगतात. भिंत घासताना उडालेली पूड सॉकेटच्या भोकांत गेली आणि एकाची आतली सुरक्षा झडप अडकून बसली. सासूबाईंना संध्याकाळच्या अंधुक उजेडात सॉकेट सापडत नाही, कारण बोटांना लागायला कडच नाही. शिवाय असं सॉकेट भिंतीच्या अंतिम पातळीला तंतोतंत बसावं लागतं. आपल्या विटांच्या भिंती दर फुटाला ओळंब्यात असतात असं कोणताही गवंडी छातीठोकपणे सांगणार नाही.

तुम्ही घराचं काम काढणार असाल, तर सॉकेट पसंत करण्याआधी विक्रेत्याला आणि वायरमनला एकच प्रश्न विचारा: “हे उद्या जळालं, तर भिंत न फोडता समोरून निघेल का?” तोंडी ‘हो’ पुरेसं नाही. नमुना समोर उघडून दाखवायला सांगा. समोरून निघणारे प्रकारही असतात. पण कडेची फट रंगाऱ्याने लांबीने बुजवली, तर तेही बंदच होतात, म्हणून त्याला आधी बजावून ठेवा.

स्वयंपाकघरात, गीझरला, एसीला, इस्त्रीला, म्हणजे जिथे भार मोठा तिथे साधी प्लेटवालीच मांडणी ठेवा. डोळ्यांना प्लेट नकोशी वाटत असेल तर भिंतीच्या रंगाची पातळ प्लेट घ्या, किंवा सॉकेटची जागा फर्निचरच्या आडोशाला काढा, मात्र हात पोचेल अशी. तरीही भिंतीशी एकजीव सॉकेट हवेच असतील, तर एखाद्याच दर्शनी भिंतीवर लावा. त्याच खेपेला दोन-तीन जास्तीचे घेऊन ठेवा. भिंत बुजवण्याआधी शेजारी मोजपट्टी धरून वायरींचे फोटो काढा. उरलेला रंग डब्यावर कोड लिहून जपा.

आणि घरात असे सॉकेट आधीच असतील, तर घाबरू नका, पण लक्ष ठेवा. जड उपकरण अर्धा तास चालल्यावर ते बंद करून पिनेला हात लावून पाहा. कोमट असेल तर ठीक, चटका बसत असेल तर ते सॉकेट त्याच क्षणापासून वापरू नका. चरचर आवाज, करपट किंवा मासळीसारखा वास आला, तर सर्किट बंद करून परवानाधारक वायरमनला बोलवा. स्वतः कटर हातात घेऊ नका.

मागवून बसवलेलं ते सॉकेटही पुढे आम्ही काढलं; आमच्या त्या भिंतीवर आता पांढरी प्लेट आहे. मोठ्या भाराचे बाकीचे सॉकेटही एकेक करून बदलून घेतले. परवा दिवाळीच्या साफसफाईत दादा आले, मेन बंद करून त्यांनी प्लेटा काढल्या, सगळे स्क्रू तपासले. दोन ढिले निघाले, ते आवळले, प्लेटा परत बसवल्या. अर्ध्या तासात काम झालं, भिंतीला ओरखडासुद्धा नाही. सासूबाईंनी शेजारी उभं राहून प्रत्येक प्लेट फडक्याने पुसून दिली.