मोठा चपटा नकली मासा पाण्यात कसा चालतो?



सुट्टीच्या दिवशी भोपाळकडचे गळवाले शौकीन बेतव्याच्या काठाला येतात. त्यांच्या पेटीतला तळहाताहून मोठा रबरी मासा बघून आपली पोरं विचारायला लागलीत, की हा घ्यावा का, याला खरंच मोठा मासा लागतो का. किंमत हजारांच्या घरात जाते. म्हणून आधी तो पाण्यात काय करतो ते समजून घेऊ.

ही नक्कल आहे अमेरिकेतल्या ब्लूगिलची. ब्लूगिल म्हणजे उंच, दोन्ही बाजूंनी चपटा मासा, आणि त्याला खाणारा बास म्हणजे मोठ्या तोंडाचा शिकारी. आपल्याकडे यातला एकही नाही. पण चिलापी आहे, तीही बाहेरचीच, 1952 साली भारतात आणलेली. अंगाची ठेवण तशीच. सवयही तशीच: नर उथळ पाण्यात तळाला थाळीएवढा खड्डा करतो आणि राखत बसतो. पाणी उतरलं की काठाला ते खड्डे आपण सगळेच बघतो. ब्लूगिलही असेच खड्डे करतो, आणि बास त्या खड्ड्यांच्या कडेला टपून असतो. आपल्याकडे बासच्या जागी मरळ आणि शिवडा धरा.

आता चाल. लांबट नकली मासा पाणी कापत जातो, उंच चपटा मासा पाणी ढकलत जातो. ढकललेल्या पाण्याचा धक्का शिकारी माशाला अंगावरच्या रेघेतून कळतो. माशाच्या बाजूला कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जी रेघ दिसते ती शोभेची नाही, तो त्याचा कान समजा. त्यामुळे गढूळ पाण्यात, जिथे रंग दिसत नाही, तिथेही हा मासा जाणवतो. पण याच उंच अंगामुळे त्याला जोरात ओढलं की घोटाळा होतो. पोटातलं वजन त्याला उभा धरतं, वेग वाढला की पाणी त्याला आडवा पाडतं. मग तो कुशीवर लोळतो नाहीतर वर येऊन नुसता फिरत राहतो. असा मासा कोण खाणार? रीळ हळू फिरवायचं, शेपटी जेमतेम हलेल इतकंच.

दोन तुकड्यांचा कडक मासा वेगळा. त्याला ओढ देऊन सैल सोडलं की तो डावीकडे घसरतो, पुन्हा ओढ, उजवीकडे. खरी चिलापीही सरळ रेषेत धावत नाही, थांबते, वळते, एकदम पळते. घाव बहुतेक वेळा त्या थांबण्यात किंवा वळण्यात बसतो. नुसतं ओढत राहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

किती खोल चालवायचा, याचा हिशेब सोपा आहे. दहा फूट पाण्यात सोडा आणि तळाला लागेपर्यंत मोजा. दहा मोजून लागला तर एका आकड्याला एक फूट. पाच फुटावर चालवायचा तर पाच मोजून ओढायला सुरुवात करा. आपल्या नाववाल्यांना तळाची खोली तोंडपाठ असते, शौकिनांना नसते. आपण त्यांच्याहून पुढे आहोत ते इथेच.

माझं मत विचाराल तर पोट भरायला हे साधन नाही. मोठ्या आमिषाला मोठाच मासा तोंड लावतो, म्हणजे दिवसभरात एखादा, किंवा तोही नाही. साध्या रॉडने फेकायला गेलात तर रॉड जाईल, त्याला जाड तंगूस आणि दणकट रॉड लागतो. मरळ बसते झाडोऱ्यात, तिथे तीनमुखी गळ पहिल्याच फेकीला अडकतो. तिथे बेडकाचा नकली आकार, टोक लपलेला, बरा. आणि 2009 साली जपानच्या बिवा सरोवरात जो दहा किलोवरचा विक्रमी बास मिळाला, तो जिवंत ब्लूगिलवर मिळाला होता, रबरावर नव्हे.

त्याच जपानची दुसरी बाजू. ब्लूगिल तिथे 1960 मध्ये अमेरिकेची भेट म्हणून आला, आणणारे होते तेव्हाचे युवराज अकिहितो. पुढे बास आणि ब्लूगिलने बिवाचे मूळ मासे खाल्ले, तिथल्या कोळ्यांचं नुकसान झालं, आणि सम्राट झाल्यावर 2007 मध्ये अकिहितोंनी जाहीर खंत व्यक्त केली. म्हणून जिवंत चिलापी आमिषाला वापरायची असेल तर त्याच पाण्यातली वापरा. एका तळ्यातली डब्यात घालून दुसऱ्या तळ्यात नेऊ नका, उरलेली सोडून तर अजिबात देऊ नका. मत्स्यबीज टाकून सांभाळलेलं पाणी आहे आपलं.

नाववाल्यांसाठी: शौकिनाला बसवाल तेव्हा आपली जाळी कुठे लागलीत ते आधी सांगा. तीनमुखी गळ जाळ्यात गेला की दोघांचंही नुकसान. फेकताना मागे कुणी बसू नये. 16 जून ते 15 ऑगस्ट बंदीत कुणी कितीही पैसे देवो, नाव काढायची नाही. बंदी उठल्यावरही लालसर पिलांचा घोळका पाण्यावर दिसला तर तिथे आमिष टाकू देऊ नका. खाली मरळीची जोडी पिलं राखत असते, आणि ती भुकेने नाही, रागाने चावते.

ज्यांच्याकडे असा नकली मासा असेल त्यांनी पुढच्या बैठकीला घेऊन यावा. काठावर दोन-चार फेका टाकून त्याची चाल सगळ्यांना दाखवता येईल.