खुंटीवरचा टाका आणि सुईवरचा टाका

गुरुग्राम येथे हिवाळा थोडे दिवस टिकतो, पण कडक असतो. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत रात्रीचा पारा अनेकदा ५ अंशांच्या आसपास उतरतो. महाराष्ट्रातून तेथे गेलेल्या कुटुंबाला लोकरीची खरी गरज अशा वेळी प्रथमच जाणवते. आपल्याकडे लोकरीचे विणकाम म्हणजे बहुधा तान्ह्या मुलाचे टोपडे आणि पायमोजे. तिकडे मात्र उन्हात बसून स्वेटर विणणारी शेजारीण दिसते आणि आपणही शिकावे असे वाटू लागते. अडचण एवढीच, की नवशिक्या हातांचा स्वेटर पुरा होईपर्यंत थंडी बहुधा सरलेली असते.

म्हणून आरंभी खुंट्यांचे गोल कडे घ्यावे. बाजारात त्याला 'लूम' म्हणतात. पण हा माग नव्हे. हरियाणातच, पानिपत येथे, मागावर ब्लँकेटे विणली जातात. त्यांत उभा ताणा आणि आडवा बाणा अशी दोन धाग्यांची गुंफण असते. लोकरीच्या विणीत ताणाही नाही आणि बाणाही नाही. एकच धागा स्वतःच्याच फासातून पुनःपुन्हा ओढून घेतलेला असतो. स्वेटर ताणला जातो, ब्लँकेट ताणले जात नाही, याचे कारण हेच.

कड्यावर हे फास उघड दिसतात. प्रत्येक खुंटीला धाग्याचा एक सैल वेढा द्यावा, फेरा पूर्ण झाल्यावर दुसरा वेढा द्यावा आणि आकड्याने खालचा वेढा वरच्यावरून उचलून खुंटीच्या आत सोडावा. एक टाका झाला. असेच फेरे वाढवीत गेले, की विणलेली नळी कड्याच्या आत उतरू लागते. शेवटी सर्व फासांतून धागा ओवून आवळला की टोपी तयार होते. प्रत्येक टाक्याला स्वतःची खुंटी असल्यामुळे एखादा सुटला तरी शेजारचे जागेवर राहतात. ही युक्ती आजची नाही. इंग्लंडमध्ये विल्यम ली याने १५८९ मध्ये बनविलेल्या विणकामाच्या यंत्रातही प्रत्येक टाक्यासाठी स्वतंत्र आकडा होता.

टोपी साधली म्हणजे उत्साहाने सुया हाती घेतल्या जातात, आणि नेमके येथेच अनेकजण थांबतात. कड्यावर जसा सर्वत्र एकच टाका घातला, तसाच सुयांवर घालीत गेल्यास गुळगुळीत वीण येत नाही. आडव्या उंचवट्यांच्या रांगा उमटतात. आपला हात चुकतो आहे अशी समजूत होते. वस्तुतः हात चुकलेला नसतो. अंगातला टी-शर्ट उलटा करून पाहावा. बाहेरून उभ्या साखळ्या दिसतात, आतून आडव्या लहरी. दोन्ही एकाच टाक्याच्या बाजू आहेत: सुलट आणि उलट. कड्यावर आपण गोल फिरतो, त्यामुळे विणीची एकच बाजू सदैव आपल्यासमोर राहते. सुयांवर ओळ संपली की काम फिरवावे लागते आणि मागची बाजू समोर येते. तेव्हा गुळगुळीत वीण हवी असल्यास एक ओळ सुलट टाक्यांची व पुढची उलट टाक्यांची विणावी. उलट टाका म्हणजे मागच्या बाजूने घातलेला सुलट टाकाच होय. गुरुग्राममधील शेजारीण 'सीधा फंदा', 'उल्टा फंदा' म्हणेल, तेही हेच.

आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. खुंटीभोवती पूर्ण वेढा दिल्याने टाक्याच्या मुळाशी पीळ पडतो. सुईच्या साध्या टाक्यात तो नसतो, म्हणून दोन्ही विणी शेजारी ठेवल्यास निराळ्या दिसतात. पीळ नको असेल तर धागा खुंटीच्या समोर आडवा धरून खालचा फास त्यावरून उचलावा. मात्र धागा ओढून धरू नये, नाहीतर पुढच्या फेऱ्यात फास उचलता येणार नाही.

कड्यावर टाक्याचे माप पुष्कळसे खुंट्यांच्या अंतराने ठरते. सुयांवर ते सुईची जाडी आणि आपला हात ठरवितात. आपल्या बाजारातील जुन्या क्रमांकांत आकडा जितका लहान तितकी सुई जाड: ८ क्रमांकाची सुमारे ४ मिलिमीटर, १० क्रमांकाची ३.२५. नवशिक्याने ८ ची जोडी, फिक्या रंगाची, मध्यम जाडीची लोकर आणि निसटलेला टाका वर आणण्यासाठी क्रोशाची सुई घ्यावी. काळी लोकर दिसायला कितीही चांगली असली तरी तिच्यातले टाके दिव्याच्या उजेडात मोजता येत नाहीत. आरंभी वीस टाके घालून हातभर पट्टी विणावी, ती उसवावी आणि त्याच लोकरीची पुन्हा विणावी.