जुन्या संगणकाचे प्रतिरूप

भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीतील एखाद्या घरात कपाट आवरताना जुनी कॅसेट सापडते, अशी कल्पना करा. लावून पाहिली तर गाणे नाही, नुसती कर्कश किरकिर. ती किरकिर म्हणजे कोणे एके काळी शाळकरी मुलाने स्वतः लिहिलेला संगणकाचा प्रोग्रॅम असतो.

1984-85 मध्ये भारत सरकारने ‘क्लास’ हा प्रकल्प सुरू केला आणि देशातील निवडक शाळांत बीबीसी मायक्रो हा संगणक आला. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने तो 1981 मध्ये बाजारात आणला होता. त्याची मेमरी अवघी 32 किलोबाइट. आजच्या मोबाइलमधले एक छायाचित्रही तीत मावणार नाही. केलेले काम साध्या कॅसेटवर साठवता येई. पुढे अशी यंत्रे अडगळीत गेली. यंत्रावाचून कॅसेट मुकी, आणि तिच्यावरील चुंबकीय ठसाही वर्षागणिक पुसट होत जातो.

अशा वेळी हौशी मंडळी इम्युलेटर तयार करतात. इम्युलेटर म्हणजे आजच्या संगणकाला जुन्या संगणकाचे सोंग हुबेहूब वठवायला लावणारा प्रोग्रॅम. बीबीसी मायक्रोचा मेंदू म्हणजे 6502 ही चिप. तिला 56 प्रकारच्या आज्ञा कळतात. त्यांतील प्रत्येक आज्ञा मिळताच मूळ चिप काय करी, ते लिहून काढायचे. काम चिकाटीचे आहे, पण एकट्याच्या आवाक्यातले आहे.

खरी परीक्षा चुकांपाशी होते. या चिपची मेमरी 256 घरांच्या पानांत विभागलेली असते. ‘उडी’ मारण्याच्या एका आज्ञेत पुढचा पत्ता शेजारच्या दोन घरांतून वाचायचा असतो. पहिले घर पानाच्या अगदी शेवटी आले, तर दुसरे पुढच्या पानावर शोधायला हवे. मूळ 6502 मात्र त्याच पानाच्या आरंभी परत जाते. ही चिपची उघड चूक आहे. भिलाईच्या कारखान्यात मापात न बसणारा रूळ बाद ठरतो. येथे उलट तीच चूक जाणूनबुजून करावी लागते, कारण एखादा जुना प्रोग्रॅम तिच्यावरच विसंबून असू शकतो. सुधारणेचा मोह आवरणे हुशार माणसाला अधिक जड जाते!

वेगाचेही तसेच. मूळ यंत्राचे घड्याळ सेकंदाला 20 लाख ठोके देई. आजचा संगणक कितीतरी वेगवान असल्याने त्याला मुद्दाम थांबवत न्यावे लागते. नाहीतर खेळातला चेंडू डोळ्यांना दिसण्यापूर्वीच पडद्याबाहेर जातो.

राहिली कॅसेट. तिच्यावर ‘शून्य’ म्हणजे सेकंदाला 1200 कंपनांच्या स्वराची एक लहर आणि ‘एक’ म्हणजे 2400 कंपनांच्या स्वराच्या दोन लहरी. ती किरकिर आजच्या संगणकात ध्वनिमुद्रित करून लहरी मोजल्या की अंक हाती येतात, अंकांतून अक्षरे जुळतात, आणि कुणीतरी शाळेत टंकलेल्या ओळी एकेक करून पडद्यावर उमटू लागतात.