सायलेन्सर आतून का गंजतो?

प्रश्न : माझी मोटारसायकल फक्त घर ते जिनिंग एवढीच फिरते. तरी सायलेन्सरला खालून भोक पडले. असे का? – एक वाचक, अकोट

उत्तर : कमी फिरते म्हणूनच! लिटरभर पेट्रोल जळले की जवळपास तेवढेच पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडते. दोन-तीन किलोमीटरात सायलेन्सर पुरता तापत नाही, वाफेचे आतच पाणी होते, ते आम्लयुक्त बनते आणि पत्रा आतून खाते. बाहेरून पॉलिश मारून उपयोग शून्य. खालचे निचऱ्याचे छिद्र आपल्या काळ्या मातीने बुजते. पावसाळ्यात ते तारेने मोकळे करा. नवे छिद्र मात्र पाडू नका. आठवड्यातून एकदा सलग पंधरा-वीस मिनिटे गाडी पळवा. कुजलेल्या पत्र्यावर वेल्डिंग टिकत नाही, पैसे वाया.

गंमत म्हणजे बंदुकीच्या सायलेन्सरचे उलटे आहे. तिथे झीज होते ती अति उष्णतेने. तप्त वायू आणि न जळलेल्या दारूचे कण नळीलगतची पहिली आडवी चकती आधी झिजवतात. सलग झाडलेल्या फैरी तिचे आयुष्य आणखी घटवतात.