काटा, कांट आणि कापूस

तत्त्वज्ञानात एम.ए. केलेला माणूस चाळीसगावात बी-बियाणं विकतो. ही बातमी गावभर आहे, त्यामुळे युरियाची गोणी उचलता उचलता लोक मला मोठमोठे प्रश्न विचारून जातात. त्यातून जे उमगलं ते असं.

१. नीतीचा प्रश्न कधी रिकाम्या हाताने येत नाही. एका शेतकऱ्याने विचारलं, "व्यापारी काटा मारतो. मग मी कापसावर पाणी मारलं तर पाप कोणाचं?" मी तत्त्वज्ञ कांट सांगायला निघालो: सगळेच तसं वागायला लागले तर? तो म्हणाला, "सगळे मारतातच भो, म्हणून तर विचारतोय." कांट तिथेच मिटला. सरकारी खरेदीत आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, पुढे बारापर्यंत कपात, हे त्याला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. त्याची अडचण वेगळीच होती. व्यापारी सगळ्यांचाच कापूस ओला धरून कटती लावतो, तर कोरडा आणणाऱ्याने प्रामाणिकपणाचा दंड का भरायचा? ग्रंथांत याला उत्तरं आहेत. त्यातलं एकही त्याच्या तोंडावर सांगायचं धाडस मला झालं नाही.

२. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस तितूर-डोंगरी नद्यांना पूर आला, दुकानांत पाणी शिरलं, गुरं वाहून गेली. आता लोक "आमचं काय चुकलं?" असं विचारणार, म्हणून मी कर्मसिद्धांताची उजळणी करून ठेवली. एक बाई आल्या आणि म्हणाल्या, "शेजारच्यांचा गोठा गेला, आमचा राहिला. आम्ही असं काय पुण्य केलं होतं?" हा भाग परीक्षेला नव्हता.

३. आपल्याला जे माहीत आहे ते कुठून आलं, असं कोणी विचारलं की माणूस चिडतो. मीही चिडतो. गणिती भास्कराचार्य (जन्म १११४) आमच्या जवळच्या पाटणचे, हे आम्ही बाळकडूबरोबरच घेतलेलं. पाटणादेवीच्या देवळातला शिलालेख सांगतो तो मात्र नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी काढलेल्या मठाविषयी. आजोबा तिथेच राहत होते, हे आपलं मन जोडतं. त्यांची मुलगी लीलावती हिच्या लग्नाच्या फसलेल्या मुहूर्ताची गोष्ट तर ‘लीलावती’ ग्रंथाच्या, अकबराच्या दरबारातल्या फैजीने केलेल्या १५८७ च्या फारसी भाषांतरातली, म्हणजे मूळ ग्रंथानंतर चारशेहून अधिक वर्षांची. आणि स्टेशनजवळ राहणारे छायाचित्रकार केकी मूस प्रेयसीसाठी रोज रात्री गाडीची वाट पाहायचे, हे सांगणारे गावात पैशाला पासरी. एका पोराने विचारलं, "पाहिलं कोणी?" मी त्याला दटावलं नाही. पाहुणे आले की गोष्ट मात्र अजून तशीच सांगतो, रंगवून.

४. अज्ञानाची लाज कमी झाली ती अमळनेरमुळे. तिथे गिरणीमालक प्रतापशेठांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं. कापसाच्या मुलखात, कापडाच्या पैशातून वेदान्त! साने गुरुजीही तिथे अभ्यासाला आले होते. तिथल्या मलकानी, दास आणि मूर्ती या तिघा विद्वानांचं १९३३ मध्ये एक पुस्तक निघालं. नाव, ‘अज्ञान’. हे मी दुकानात सांगितलं, तर बाकावरचे एक आजोबा म्हणाले, "एकट्याचं पुरलं नसेल." तेव्हापासून "मला माहीत नाही" हे मी बऱ्यापैकी सहज म्हणतो. प्रतापशेठांचं ते मंदिर तत्त्वज्ञान केंद्र म्हणून अमळनेरला आजही आहे. पाहिलं नसेल, तर एकदा जाऊन या.