शेजाऱ्यांची कुजबुज

किंग्ज बिल्डिंग्जवरून जाल तेव्हा आठवा: तिथल्या रसायनशास्त्र विभागात रेणूंचे बोलणे ऐकणारी चुंबके आहेत!

चुंबकातल्या हायड्रोजनला रेडिओलहरीने हाक मारली की तो उत्तर देतो आणि कागदावर रेघ उमटते. १९५१ साली अमेरिकेत स्टॅनफर्डला अर्नोल्ड, धर्मत्ती व पॅकर्ड यांना अल्कोहोलच्या (हो, सॅनिटायझरमधल्याच) तीन रेघा मिळाल्या. हेच धर्मत्ती पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. मग यंत्रे सुधारली आणि दिसले, की शेजारच्या हायड्रोजनमुळे एकेक रेघ तीन-चार ठिकाणी फुटते. साखर किंवा अमिनो आम्ल घेतले तर नुसता गुंता! मोठे चुंबक हे गट लांब सारते, पण ते फार महाग, शिवाय फूट राहतेच.

१९९७ साली ऑस्ट्रियाच्या झँगर व श्टेर्क यांनी युक्ती काढली. मध्येच रेडिओलहरींचे ठोके देऊन शेजाऱ्यांचा परिणाम उलटवायचा. आधी झाला तेवढाच तो फिटतो. प्रत्येक जागेला एकच रेघ! गंमत म्हणजे अल्कोहोलच्या पुन्हा तीनच. मात्र प्रत्येक उत्तर नळीतल्या एका पातळ थरातूनच येते, म्हणून आवाज क्षीण. बराच वेळ ऐकत बसावे लागते.

गृहपाठ: अल्कोहोलच्या रेणूत हायड्रोजन सहा. मग रेघांचा जोर ३:२:१ का? आईबाबांबरोबर रेणूचे चित्र काढून आणा.